नळीतला थेंब

मुलांनो, आधी एक करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला, अगदी घट्ट, आणि समोर कुणी बोलत असेल त्याच्या तोंडाकडे नुसतं बघत राहा. ओठ उघडतात, मिटतात, गोल होतात, मधूनच दात दिसतात, आणि आवाज नाही. पहिल्यांदा गंमत वाटते. मग हळूहळू वाटायला लागतं की हा माणूस आपल्याविषयीच काहीतरी बोलतोय, आणि बरं बोलत नाहीये. पुरे, आता बोटं काढा, पान उलटायला लागतील. आता मनातल्या मनात एक खोली उभी करा. चर्चच्या मागच्या बाजूची, लांबट, उंच खिडक्यांची. एका कोपऱ्यात चार बायका लोकरीचं विणताहेत आणि विणण्यापेक्षा बोलताहेत जास्त. दुसऱ्या कोपऱ्यात नर्सबाई कुणाचा तरी दंड आवळून रक्तदाब मोजतेय. जुने कोट एका दांडीवर टांगलेत, हवे त्याने न्यावेत म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारच्या सूपचा वास अजून येतोय, कारण बुधवारी वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना इथे जेवण असतं. आणि उजेडाच्या खिडकीशी, हिरवं कापड अंथरलेल्या एका लहान टेबलामागे एक बाई बसलीय. वय चोपन्न. पुढ्यात कोमट पाण्याचा वाडगा, साबण, बारीक ब्रश, पारदर्शक नळीचं एक वेटोळं, तिरकी कात्री, आणि लिंबाएवढा रबरी फुगा. कानाच्या यंत्रांच्या दुकानात तिने तीस वर्षं काम केलं. आता दर बुधवारी इथे येऊन ती वस्तीतल्या लोकांची यंत्रं फुकट साफ करून देते. मोठी माणसं तिला बाई म्हणतात. मुलं म्हणतात कानमावशी.

त्या बुधवारी सव्वाचारच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले, डाव्या कानातला साचा, म्हणजे यंत्राचा कानाच्या मापाने घडवलेला तुकडा, बोटाने फिरवून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. साचा गरम होता. त्यात नवल काही नव्हतं. कानातून नुकता काढलेला साचा गरमच असतो, आणि तीस वर्षांत असे हजारो साचे तिच्या हातावर येऊन गेले होते. पण या साच्याची ऊब तळव्यावर थांबली नाही, मनगटातून कोपरापर्यंत चढत गेली, कारण साचा ठेवता ठेवता ते गृहस्थ म्हणाले होते, "बाळ, बघ बरं जरा. आवाज पिचका येतोय." त्या 'बाळ'मधला ब ओठांवर दाबून, मग एकदम सोडलेला. असा ब जगात एकच माणूस उच्चारायचा. तिने मान वर केली नाही. वर करायची गरजही नव्हती. हिरव्या कापडावर टेकलेली ती लांब बोटं तिला दिसत होती, आणि त्यातलं उजव्या हाताचं पहिलं बोट, जे एका जागी कधीच राहायचं नाही, ते आताही कापडावर कसलासा ठेका धरत होतं.

मास्तर येणार हे तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच फादरांनी सांगितलं होतं की चर्चच्या शंभराव्या वर्षाच्या सोहळ्याला मुलांचं गाणं बसवायला जुने मास्तर लेकीच्या गावाहून येताहेत, मोठ्या मनाने यायचं कबूल केलंय त्यांनी. त्या 'मोठ्या मनाने'वर तिला हसू आलं होतं, चांगलं नव्हे. तेव्हापासून तीन बुधवार ती शेजारच्या दालनाच्या दाराकडे पाठ करून बसत होती. दालनात साडेचारला मुलं गायची, आणि तिच्या पाठीला ते गाणं ओल्या भिंतीसारखं लागायचं. त्या तीन बुधवारी तिने मनात एक वाक्य घोटून ठेवलं होतं. ते ती सोहळ्याच्या दिवशी उभी राहून, सगळ्यांदेखत, मास्तरांना ऐकवणार होती. वाक्य रोज थोडं लांब व्हायचं आणि रोज थोडं बुळबुळीत. आणि आता हा माणूस आपणहून आला होता आणि आपला कान तिच्या हातात देऊन बसला होता.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. म्हणजे तुमच्याएवढीच. याच दालनात, दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी उभी राहायची. वर्षभर ती गायली होती, कुणी काही म्हटलं नव्हतं. मग सुट्टी लागली, सुट्टीत ती झोपाळ्यावरून तोंडावर पडली, सुट्टी संपली, आणि पहिल्याच सरावाला मास्तर रांगेतून चालत आले, तिच्यासमोर थांबले, वाकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, तू फक्त ओठ हलव." ओरडले असते तर तिने घरी जाऊन सांगितलं असतं. पण ते इतक्या प्रेमाने म्हणाले की तिला वाटलं, आपल्या गळ्यात काहीतरी घाण आहे, आणि हा भला माणूस ती चारचौघांत दिसू नये म्हणून झाकतोय. त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं तिने ओठ हलवले. एकही शब्द चुकू दिला नाही. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आ लांबवायचा, सगळं जिथल्या तिथे. पहिल्या कार्यक्रमाला आई तिसऱ्या बाकावर बसली होती, धुतलेली साडी नेसून, कामाची सुट्टी काढून. घरी जाताना आईने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "तीस पोरं गात होती, पण मला तुझा आवाज बरोबर वेगळा ऐकू आला." चालता चालता मुलीने ओठ आत ओढून घेतले. आईला सुखी करायला त्या दिवशी एवढं पुरलं, आणि त्यासाठीच मास्तरांना तिने कधी माफ केलं नाही. गाणं गेलं ते गेलं. पण आईने प्रेमाने ऐकलेला तो आवाज, जो मुळी नव्हताच, तो तिच्या मानेवर जन्मभर बसून राहिला. आई गेली तेव्हा याच चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते, आणि ती पहिल्या बाकावर ओठ हलवत होती. मुलगा तापाने फणफणला की ती त्याला थोपटायची, गोष्ट सांगायची, पण गुणगुणायची नाही. नवरा गमतीने म्हणायचा की आमच्या घरातला रेडिओ मुका आहे. गळ्याचं जमलं नाही म्हणून कानाचं काम धरलं, असं ती स्वतःच दुकानात सांगायची, आणि लोक हसायचे, आणि तीही हसायची.

तिने साचा उजेडात धरला. नळी पिवळी पडून कडक झाली होती. नवीन घालावी लागणार. प्रत्येकाचं एक कार्ड असतं, त्यावर चार प्रश्न असतात. यंत्र काढल्यावर मास्तरांना काहीच ऐकू येत नव्हतं, उजवा कान तर मुळातच गेलेला, म्हणून तिने कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते हात लांब करून वाचलं आणि बहिरी माणसं बोलतात तसं खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात उत्तरं द्यायला सुरुवात केली. विणणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. वय ऐंशी. काम काही नाही आता. कधीपासून कमी ऐकू येतं, या प्रश्नापाशी ते थांबले आणि मिस्कील हसले. म्हणाले की बाळ, तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलायचं नाहीस हं, आणि हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की रक्तदाब मोजणाऱ्या नर्सबाईलाही हसू आवरेना. पण पुढचं ऐकताना कानमावशीच्या हातातली कात्री थांबली. मास्तर सांगत होते की तिशीतच त्यांचे वरचे सूर गेले. मुलांच्या आवाजातलं निम्मंअधिक त्यांना कधी ऐकूच आलं नाही. पण कळू दिलं नाही कुणाला, पन्नास वर्षांत एकालाही नाही.

"मुलांचं गाणं काय कानांनी बसवायचं असतं?" मास्तर म्हणाले. "डोळ्यांनी बसवायचं. सगळी तोंडं एकसारखी उघडली पाहिजेत. एखादं तोंड वाकडं उघडलं, की समजायचं, सूर वाकडा."

तिचा डावा हात आपोआप ओठाच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे तीन टाके पडले होते. झोपाळ्याचे. अजूनही बोट फिरवलं की तिथे दोरा राहिल्यासारखं लागतं, आणि अजूनही ती मोठा आ करते तेव्हा तोंड डावीकडे ओढलं जातं. सुट्टी, झोपाळा, टाके, पहिला सराव. चारही गोष्टी तिच्यापाशी पंचेचाळीस वर्षं होत्या, एकाच डब्यातल्या बटणांसारख्या, आणि त्या तिने कधी एका दोऱ्यात ओवून पाहिल्या नव्हत्या. म्हणजे यांनी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. चांगला नाही, वाईट नाही, ऐकलाच नाही. ज्या गळ्याला तिने जन्मभर घाण समजून झाकून ठेवलं त्याच्याविषयी या माणसाला काडीची माहिती नव्हती. त्याने एक सुजलेला ओठ पाहिला होता, बस्स. आतापर्यंतचा तिचा राग जुना होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. हा नवा राग वेगळाच होता, ताज्या कापलेल्या पत्र्यासारखा, कुठेही धरला तरी चिरणारा. समोर मास्तर सुखाने मान डोलवत बसले होते. त्यांना तिच्या चेहऱ्याकडे बघायचं कारण नव्हतं. तिचं तोंड मिटलेलं होतं.

आता नीट लक्ष द्या, कारण काम बारीक आहे. साच्याला एक भोक असतं, त्यातून नवी नळी ओढून घ्यायची, तिरकी कापायची. मग साचा नि नळी कोमट पाण्यात धुवायची. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: रबरी फुग्याचं टोक नळीला लावून दोनदा जोरात हवा मारायची. कारण नळीत पाण्याचा एक थेंब जरी राहिला, तर पहिल्यांदा कळत नाही. थेंब भिंतीला चिकटून बसतो, बाजूने आवाज जातो. माणूस मान हलवतो, वाकतो, चालतो, आणि थेंब हळूहळू घसरत नळीच्या वळणापाशी येतो, तिथे बूच बसल्यासारखा बसतो, आणि मग ढगांचा गडगडाट झाला तरी कानाला पत्ता लागत नाही. तीस वर्षांत ती एकदाही फुगा मारायला विसरली नव्हती. दुकानात नव्या पोरींना ती हेच आधी शिकवायची. इथेसुद्धा तिने ते एका लहान मुलीला शिकवलं होतं. ती आठ वर्षांची मुलगी दर बुधवारी आजीबरोबर लवकर यायची आणि गाण्याची वेळ होईपर्यंत टेबलापाशी स्टुलावर बसून प्रश्न विचारायची. पुढचे दोन दात पडले होते म्हणून मुलं तिला बोळकी म्हणत, आणि तिला ते चालायचं, कारण त्या फटीतून ती शिट्टी वाजवायची आणि बाकीच्यांना ते जमत नसे. फुगा हातात घेऊन बोळकीने स्वतःच्या कपाळावरचे केस उडवले होते आणि विचारलं होतं, "एवढ्याशा थेंबाने आख्खा माणूस बहिरा?" आख्खा, असं कानमावशीने सांगितलं होतं.

तिने साचा धुतला. फुगा उचलला. हातात धरून क्षणभर दाबला, रिकामाच, आणि हवेचा फुसका झोत आपल्या गालावर घेतला. मग फुगा जागेवर ठेवला. नळीच्या आतल्या भिंतीला थेंब दिसत होता, मोहरीएवढा, खिडकीचा सबंध उजेड त्यात मावलेला. तिने साचा बाहेरून पुसला, यंत्राला जोडला आणि स्वतः उठून मास्तरांच्या कानात बसवला. कानाची पाळी थंड होती. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. वा, म्हणाले, घंटेसारखं झालं, तुझ्या हाताला यश आहे बाळ. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून ते दालनात गेले. ती घड्याळाकडे बघत राहिली. दहा मिनिटं. फार तर पंधरा. मास्तर ताल देताना मान फार हलवत, त्यामुळे दहाच.

आज ती पाठ करून बसली नाही. खुर्ची फिरवून तिने दाराकडे तोंड केलं. दालनात मुलं उभी होती, वस्तीतली शिंपीणबाई पियानोवर बसली होती, आणि मास्तरांचं ते पहिलं बोट हवेत नाचत होतं. एका विणणाऱ्या बाईने तिला विचारलं की आज काय ग, गाणं ऐकायची लहर आली वाटतं. ती म्हणाली, हो, आली. आणि खरंच आली होती. छातीत काहीतरी मोकळं, गोड, वाईट असं पसरत होतं. ती मनात चित्र रंगवत होती: आता बोट अडखळेल. आता ते कानावर हात मारतील. आता तीस मुलांसमोर आणि शिंपीणबाईसमोर ते गोंधळून उभे राहतील आणि विचारतील की काय झालं, मला ऐकू का येत नाही, आणि पन्नास वर्षं झाकलेलं भांडं फुटेल. सातव्या मिनिटाला मास्तरांनी मान झटकली. आठव्याला पुन्हा. नवव्याला ते क्षणभर थांबले, आणि चेहऱ्यावर असा काही रितेपणा आला की ती खुर्चीतून अर्धी उठली.

पण भांडं फुटलं नाही. मास्तरांनी काही विचारलं नाही, कानाला हातही लावला नाही. पन्नास वर्षांची सवय ती. त्यांनी फक्त डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे झाले आणि एकेका तोंडाकडे बघायला लागले. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. मग पहिल्या रांगेच्या टोकाशी थांबले आणि वाकले. त्यांचा आवाज इतक्या लांब यायला नको होता, पण बहिऱ्या माणसाचं कुजबुजणंही मोठं असतं, आणि ते शब्द जसेच्या तसे दारातून बाहेर आले, तसेच मऊ, तसेच प्रेमळ. थेंब होता मास्तरांच्या नळीत, आणि आवाज गेला बोळकीचा.

बोळकी बाहेर आली. रडत नव्हती. येऊन स्टुलावर बसली, केस कानामागे सारले आणि डोकं टेबलावर आडवं ठेवलं, एक कान वर करून.

"कानमावशी, माझे कान बघ ना."

कानमावशीने विचारलं की का ग, काय होतंय.

"मास्तर म्हणाले, फक्त ओठ हलव. मला तर माझं बरोबरच ऐकू येतं. म्हणजे कानच बिघडलेत माझे."

तिने छोटी बॅटरी घेतली आणि खरोखर बघितलं. दोन्ही कान. आतला पडदा शिंपल्यासारखा चकचकीत, मळाचा कणसुद्धा नाही. त्या कानात बघताना तिला वाटलं, आपण पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणाकडे गेलो नाही, हे असं डोकं टेबलावर ठेवून. गेलो असतो आणि कुणी बॅटरी घेऊन घशात पाहिलं असतं तर. बॅटरी विझवून ती म्हणाली, "ठणठणीत आहेत तुझे कान. मास्तरांच्या नळीत थेंब आहे."

"मग तू फुगा नाही मारलास?"

"नाही."

"विसरलीस?"

ती हो म्हणाली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मुलं आपल्याकडे बघतात तेव्हा फार जवळून बघतात, आणि ही तर दोन दातांच्या फटीतूनही बघत होती. ती म्हणाली, विसरले नाही, मुद्दाम. आणि मग, दुसऱ्या कुणाला कधीच न सांगितलेलं चार वाक्यांत सांगून टाकलं: ती याच दालनात गायची, तिच्या ओठाला टाके पडले होते, मास्तरांनी तिलाही हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

"ओठ हलवले."

"किती दिवस?"

कानमावशीने हिरव्या कापडावरची नळीची कातरणं गोळा केली, एकावर एक ठेवली, पुन्हा पसरली.

"अजून हलवते," ती म्हणाली.

मग कानमावशीने फुगा उचलून बोळकीपुढे धरला. म्हणाली की तुला येतं ना हे, जा, त्यांना खाली वाकायला सांग, दोनदा हवा मार, थेंब निघेल, मग त्यांना तू ऐकू येशील. बोलताना तिच्या लक्षात आलं की तेही खरं नाही. थेंब निघाला तरी वरचे सूर त्यांना ऐकू येणारच नव्हते. तोंडच दिसणार होतं, दोन दात नसलेलं. बोळकीने फुग्याकडे पाहिलं, मग दालनाकडे, मग पुन्हा फुग्याकडे. फुगा तिने घेतला नाही. उतरली आणि चालत दालनात गेली.

आपल्या जागेवर, रांगेच्या टोकाला, ती उभी राहिली आणि शेजारच्या मुलीच्या कानाशी लागली. शेजारची तिच्या शेजाऱ्याच्या. हसू दाबलेले खांदे हलले, पहिली रांग संपली, दुसरी सुरू झाली. मास्तर पान उलटत होते. त्यांनी बोट वर केलं, पियानो वाजू लागला आणि तीस तोंडं एकदम उघडली, एकसारखी, गोल, सुंदर. एकाही तोंडातून आवाज आला नाही. विणणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या. नर्सबाईने वर पाहिलं. शिंपीणबाईने मान वळवली, पण हात वाजवत राहिले, आणि त्या नुसत्या पियानोवर मास्तर डोलत होते, चेहरा उजळलेला, बोट कारंज्यासारखं उडतंय. वा, ते म्हणाले, असंच, आत्ता जमलं. कानमावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला हवं होतं ते हेच होतं. इतकं पुरेपूर तिने मनातसुद्धा मागितलं नव्हतं. आणि ते समोर घडत असताना तिचा डावा हात पुन्हा ओठाच्या कोपऱ्यातल्या टाक्यांकडे गेला.

मग बोळकी गायला लागली. एकटीच. बाकीचे एकोणतीस ओठ हलवत होते आणि ती गात होती. सूर जरासा खाली होता, आणि दातांच्या फटीतून प्रत्येक स शिट्टी होऊन निसटत होता, पण शब्द एकही चुकत नव्हता. मास्तरांची नजर रांगेवरून फिरत तिच्यापाशी आली आणि ते वाकडं, मोठं उघडलेलं तोंड पाहून थांबली. त्यांनी प्रेमाने मान हलवली आणि आपलं पहिलं बोट ओठांवर ठेवलं. बोळकीने त्या बोटाकडे नीट बघून घेतलं, श्वास घ्यायचा होता तिथेच श्वास घेतला, आणि ती दुसऱ्या कडव्यावर गेली.